संयुक्त, पण कशाची?

या पुस्तकाचा विषय एकच संख्या आहे: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. तिचे अंक एकवीस. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दशगुणोत्तर स्थानांची जी अठरा नावे आहेत, ती परार्धाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांशी, येऊन संपतात; आपली संख्या अशा १४७५ परार्धांहूनही मोठी आहे. पण केवळ मोठेपणासाठी कोणी संख्येवर पुस्तक लिहू नये. आज कोट्यवधी अंकांच्या संख्या अभ्यासल्या जातात आणि त्यांच्यापुढे हिचा आकार नगण्य आहे. हिची निवड करण्याचे कारण तिच्या इतिहासात आहे. एरवी एकात एक मिसळून जाणाऱ्या तीन गोष्टी तिच्या बाबतीत लख्ख वेगळ्या झाल्या. ती संयुक्त आहे, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकाराने बनलेली आहे, हे १८७६ मध्ये कळले. ती कोणत्या संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे, हे १९०३ मध्ये सापडले. आणि सापडलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे गुणाकार येणाऱ्या कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन एका बैठकीत ठरवता येते. जाणणे, शोधणे आणि पडताळणे ही ज्ञानाची तीन वेगळी कामे आहेत आणि त्यांची किंमत एकसारखी नसते, हे या प्रस्तावनेचे प्रतिपादन आहे. ते पटवण्यासाठी हिच्याइतकी सोयीची दुसरी संख्या मला माहीत नाही.

या संख्येकडे लक्ष वळले ते परिपूर्ण संख्यांमुळे. जिच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज पुन्हा तीच संख्या देते, ती परिपूर्ण. ६ आणि २८ ही पहिली दोन उदाहरणे. २ चा एखादा घात उणे १ मूळ संख्या असेल, तर तिला २ च्या त्याआधीच्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते, हे अठराव्या शतकात ऑयलरने दाखवले. म्हणजे प्रश्न उरला तो एवढाच: कोणत्या घातांकांसाठी २ चा घात उणे १ मूळ असते? घातांक स्वतः मूळ असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. १६४४ मध्ये मारें मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी प्रसिद्ध केली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. एवढ्याच घातांकांसाठी मूळ संख्या मिळते, असा त्याचा दावा होता. त्या काळी यादीतल्या मोठ्या संख्या तपासण्याचे साधन मर्सेनजवळ नव्हते, आणि त्याच्या समकालीनांजवळही नव्हते. काळाने यादी तपासली तेव्हा पाच चुका निघाल्या. ६१, ८९ आणि १०७ हे घातांक यादीत असायला हवे होते, ते सुटले. ६७ आणि २५७ नको होते, ते शिरले. तरी या प्रकारच्या संख्यांना आज मर्सेनचेच नाव आहे आणि ते योग्यही आहे, कारण चुकीच्या का होईना पण नेमक्या विधानामुळे पुढच्या पिढ्यांना काहीतरी खोडून काढण्याजोगे मिळाले.

आपली संख्या तपासायची सरळ वाट म्हणजे भागून पाहणे. तिचे वर्गमूळ सुमारे १२१५ कोटी. तिथपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला निःशेष भाग गेला नाही, तर ती मूळ ठरेल. फेर्माने १६४० च्या सुमारास हे काम पुष्कळ हलके केले. एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला भागत असेल, तर त्या मूळ संख्येने भागल्यावर २ च्या ६७ व्या घाताची बाकी १ उरेल. ६७ मूळ असल्यामुळे २ च्या घातांच्या बाक्यांचे चक्र बरोबर ६७ पावलांचे असणार, आणि फेर्माच्या प्रमेयानुसार अशा चक्राची लांबी भाजकाहून एकने लहान असलेल्या संख्येला निःशेष भागते. भाजक विषमही असणार, म्हणून परिणाम असा की अवयव शोधायचा तो १३४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांमध्येच शोधायचा. शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ असली पाहिजे, अशी आणखी एक अट निघते आणि तिच्यामुळे उरलेल्यांतले निम्मे उमेदवार बाद होतात. एवढी चाळणी लावूनही वर्गमूळापर्यंत सुमारे साडेचार कोटी उमेदवार राहतात. दर मिनिटाला एक भागाकार, तोही रात्रंदिवस न थांबता, असा हिशेब धरला तरी ८० वर्षांहून अधिक काळ लागेल. फेर्माचा नियम सुंदर आहे आणि उपयोगीही, पण तो शोधाची वाट आखून देतो; वाट चालण्याचे श्रम वाचवत नाही.

ल्यूकाने वाटच बदलली. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये अशी कसोटी मांडली की जिच्यात अवयवांचा शोध मुळी घ्यावाच लागत नाही. पुढे १९३० च्या सुमारास लेहमर या गणितज्ञाने तिला जे सुटसुटीत रूप दिले, ते शाळकरी मुलालाही समजेल. ४ पासून सुरुवात करायची. हातातल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागायचे आणि बाकी पुढे न्यायची. घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा हे केल्यावर शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ साठी घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या: ४ वरून १४, १४ वरून ८, ८ वरून ०. म्हणजे ३१ मूळ. २०४७ साठी घातांक ११, म्हणून नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य आले नाही, म्हणजे २०४७ संयुक्त. आता या नऊ बाक्यांकडे पुन्हा पाहावे. २३ आणि ८९ यांची ओळख पटवणारी खूण त्यांत कुठे दिसते? निकाल निःसंदिग्ध आहे, पण तो अवयवांबद्दल काही सांगत नाही. आपल्या संख्येसाठी अशा ६५ पायऱ्या लागतात. साडेचार कोटी भागाकारांच्या जागी ६५ वर्ग आणि ६५ भागाकार! याच जातीच्या रीतीने ल्यूकाने घातांक १२७ ची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले आणि घातांक ६७ ची संख्या मूळ नसल्याचे जाहीर केले. मर्सेनची यादी २३२ वर्षांनी इथे मोडली. घातांक ६७ च्या संख्येचे अवयव मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

पुढची सत्तावीस वर्षे ती संख्या या स्थितीत राहिली. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यू यॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी उत्तर मांडले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. कोल यांनी फळ्यावर एक अक्षर न बोलता गुणाकार केला आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, ही कथा एरिक टेम्पल बेल यांच्या लेखनातून जगभर पसरली. उत्तर शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, हे कोल यांच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे वाक्यही तिथूनच आले. बेल यांनी हे सभेनंतर कित्येक दशकांनी लिहिले, म्हणून मी त्या कथेवर माझ्या प्रतिपादनाचा भार टाकत नाही. भार टाकायचा तो गुणाकारावर, कारण तो आजही आपल्यासमोर आहे. अवयवांच्या अंकांची बेरीज ३७ आणि ६४; ९ ने भागल्यावर दोन्हींची बाकी १. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९. तिचीही बाकी १. लहान अवयव १३४ ला १४४५५८० ने गुणून १ मिळवल्यावर येतो, मोठा अवयव १३४ ला ५६८५३६०१२९ ने गुणून १ मिळवल्यावर; फेर्माची अट दोघांनीही पाळली आहे. ८ ने भागल्यावर एकाची बाकी १, दुसऱ्याची ७. दुसरी अटही पुरी झाली. एवढ्या तपासण्यांनंतर ज्याला खात्री हवी त्याने नऊ अंकी संख्येने बारा अंकी संख्येला गुणावे. कोल यांनी वर्गशेषांच्या आधारे कोणती वाट काढली, त्यांचे रविवार किती गेले, हे काहीही माहीत नसले तरी खात्री होण्यात कसली अडचण येत नाही. शोधणाऱ्याचे सगळे श्रम पडताळणाऱ्याला माफ असतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अवयव न दाखवता संख्या संयुक्त आहे असे म्हणणे हे ज्ञान कसले? हा आक्षेप तत्त्वाच्या पातळीवर खोडून काढणे सोपे आहे: कसोटीचे प्रमेय सिद्ध आहे, शेवटची बाकी शून्य नाही, तेव्हा निष्कर्ष अटळ आहे. व्यवहाराच्या पातळीवर मात्र त्याला मान द्यावा लागतो. ल्यूकाच्या कसोटीत दोन निकालांची विश्वासार्हता एकसारखी नसते. ६५ पायऱ्यांत कुठे हातचा चुकला, तर पुढची प्रत्येक बाकी भलतीच येईल आणि शेवटी अपघाताने शून्यच येण्याची शक्यता जवळजवळ नाही. म्हणून शून्य आले तर ते स्वतःच आपली ग्वाही देते. शून्याखेरीज काही आले तर ते संख्येमुळे आले की हिशेबातल्या चुकीमुळे, हे ती बाकी सांगू शकत नाही. आजही मर्सेन संख्यांच्या शोधात ही अडचण खरी मानली जाते आणि बाकी बरोबर असल्याची वेगळी शहानिशा केल्याखेरीज संयुक्त असल्याचा निकाल पक्का धरला जात नाही. कोल यांच्या दोन अवयवांनी ही शंका कायमची मिटवली. पण त्यामुळे ल्यूकाचे काम निरर्थक ठरत नाही. उलट तीन कामे वेगळी का मानावीत, ते याच आक्षेपातून सिद्ध होते: ल्यूकाने जाणले ते खरे होते, पण ते दुसऱ्याला सहज पडताळता येईल अशा रूपात नव्हते. सत्य हाती असणे आणि त्या सत्याचा सुटसुटीत पुरावा हाती असणे यांत जे अंतर आहे, ते या संख्येच्या बाबतीत सत्तावीस वर्षांचे होते.

दुसरा आक्षेप गणिताच्या स्वभावाविषयी आहे. गणित सर्वसामान्य नियमांचे शास्त्र आहे. एका संख्येचा अवयव अमुक निघाला, हा निव्वळ योगायोग, त्यात सिद्धांत कुठला? मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. १९३७०७७२१ हाच आकडा का, या प्रश्नाला संख्येच्या व्याख्येपलीकडे उत्तर नाही. पण त्या आकड्यापर्यंत पोहोचताना युक्लिडचे, फेर्माचे, ऑयलरचे आणि ल्यूकाचे प्रमेय एका ठिकाणी येते आणि प्रत्येकाला आपली ताकद दाखवावी लागते. परिपूर्ण संख्यांचेच उदाहरण घ्यावे. मर्सेन बरोबर असता तर आपल्या संख्येला २ च्या ६६ व्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळाली असती. तशी ती मिळत नाही हे ल्यूकामुळे कळते. पण विभाजकांची बेरीज नेमकी किती चुकते, हे सांगायला कोल यांचे अवयव लागतात. ती बेरीज मूळ गुणाकाराहून जास्त भरते, आणि जास्तीचा भाग म्हणजे आपली संख्या गुणिले दोन अवयवांची बेरीज, ७६२०३१९६५००८. आधीच्या ज्ञानातून मिळत नसलेले काहीतरी नंतरच्या ज्ञानातून कसे मिळते, हे इथे आकड्यांत दिसते. सर्वसामान्य नियम आपली मर्यादा स्वतः सांगत नाही. ती एखादी हट्टी संख्याच दाखवून देते. आपल्या संख्येने भागून पाहण्याच्या रीतीची मर्यादा दाखवली, मग ल्यूकाच्या रीतीचीही दाखवली.

तिसरा आक्षेप आजच्या वाचकाच्या मनात सर्वात आधी येईल. घरातला साधा संगणक या संख्येचे अवयव डोळ्याचे पाते लवण्याआधी काढतो. मग कोल यांच्या रविवारांची थोरवी कशाला गायची? संगणकाने श्रम संपवले हे खरे, पण दरी बुजवली नाही. ती पुढे सरकवली. घातांक १२७७ ची मर्सेन संख्या ३८५ अंकी आहे. ती संयुक्त आहे हे नक्की ठाऊक आहे आणि तिचा एकही अवयव अद्याप सापडलेला नाही. म्हणजे १८७६ ते १९०३ या काळात आपली संख्या ज्या स्थितीत होती, त्याच स्थितीत आज ती संख्या आहे, आणि तीही संगणकांचे बळ हाताशी असताना. जगाचा व्यवहारही या दरीवर विसंबून आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये सुचवलेल्या गुप्तलेखनात दोन प्रचंड मूळ संख्या निवडतात, त्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि अवयव गुप्त ठेवतात. मूळ संख्या निवडणे जमते, कारण मूळपणा तपासायला अवयव शोधावे लागत नाहीत. गुपित टिकते, कारण गुणाकारावरून अवयव शोधणे जमत नाही. एकाच दरीचे दोन्ही काठ तिथे कामाला येतात. अशाच एका २५० अंकी आव्हान-संख्येचे अवयव २०२० मध्ये निघाले, तेव्हा संगणकाच्या एकाच गाभ्याने काम केले असते तर सुमारे २७०० वर्षे लागली असती, असा हिशेब होता. प्रत्यक्ष वापरातले असे जाहीर गुणाकार बहुधा सहाशेहून अधिक अंकांचे असतात.

चौथा आक्षेप सर्वात खोल आहे आणि त्याला पूर्ण उत्तर आज कोणाकडेच नाही. ही दरी संख्यांच्या स्वभावात आहे की आपल्या अज्ञानात? अवयव शोधणे मुळातच अवघड आहे, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. उद्या कोणी सोपी रीत काढील आणि शोधणे पडताळण्याइतकेच स्वस्त होईल, ही शक्यता खुली आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा आणि बिनचूक पुंज संगणक बनला, तर त्याच्यासाठी हे काम अवघड राहणार नाही. दुसऱ्या काठावर तर अशी क्रांती होऊनही गेली. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले की कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे अंकांच्या संख्येच्या मानाने माफक पायऱ्यांत निश्चितपणे ठरवता येते. ल्यूकाने एका खास साच्यातल्या संख्यांसाठी जे साधले, ते आता सिद्धांताच्या पातळीवर सर्व संख्यांसाठी साधले आहे. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की इतकी मोठी मजल मारूनही अवयव शोधण्याचे काम त्यामुळे तसूभरही सोपे झाले नाही. म्हणून मी एवढेच म्हणतो: दरी कायमची आहे असा दावा कोणी करू नये, पण तीन कामे वेगळी आहेत हा दावा दरीच्या रुंदीवर अवलंबून नाही. उद्या तिघांची किंमत सारखी झाली तरी 'आहे का', 'कोणते' आणि 'खरे का' हे प्रश्न तीनच राहतील.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी परिपूर्ण संख्या आणि मर्सेनची यादी, मग फेर्माचा नियम सिद्धतेसह, त्यानंतर ल्यूकाची कसोटी आणि ती का लागू पडते त्याचे विवेचन, पुढे अवयव शोधण्याच्या कोल यांच्या काळापासून आजपर्यंतच्या रीती, आणि शेवटी गुप्तलेखन. दहावीपर्यंतचे गणित आणि चिकाटी एवढी तयारी पुरेशी आहे. माझी एकच आग्रहाची सूचना आहे. २०४७ च्या नऊ पायऱ्या आणि कोल यांच्या दोन अवयवांचा गुणाकार, ही दोन कामे वाचकाने यंत्राला न सांगता हाताने करावीत. पहिल्यात एक अंक चुकला तरी उत्तर 'संयुक्त' असेच येईल आणि चूक लपून राहील. दुसऱ्यात एक अंक चुकला की ती लगेच उघडी पडेल. पुराव्यापुराव्यांतला हा फरक ज्याच्या हाताला एकदा कळला, तो पुढे कोणाही तज्ज्ञाने 'हे सिद्ध झाले आहे' असे म्हटले की विचारील: सिद्ध कसे झाले, आणि मला ते तपासता येईल अशा रूपात आहे का? हा प्रश्न विचारण्याचा हक्क पदवीने मिळत नाही. तो गुणाकार येणाऱ्या प्रत्येकाचा आहे, आणि तो बजावण्याची सवय मराठी वाचकाला लागावी, यासाठी हे पुस्तक आहे.